विकीवर संपादन करताना तळटिपांना आणि संदर्भांना नावे कशी द्यावीत?

गोदाघाट (धागाकर्ता)

नमस्कार.

नाशिक शहर, नाशिक जिल्हा, पांडवलेणी, काळाराम मंदिर सत्याग्रह, सिंहस्थ कुंभमेळा अशा पानांवर आपल्यापैकी अनेक जण मराठी विकिपीडियावर सवडीप्रमाणे काम करत असतात. विधानाला संदर्भ हवा, याबद्दल आता कोणाचे दुमत राहिलेले नाही. दिलेल्या संदर्भाला आतून जे नाव दिले जाते, त्याकडे मात्र जवळजवळ कोणाचेच लक्ष नसते आणि त्यातून होणारा घोळ लवकर उघडकीसही येत नाही. हा धागा तेवढ्या एका विषयापुरता आहे.

नव्या सदस्यांसाठी थोडक्यात सांगतो. एकाच ग्रंथाचा आधार लेखात चार ठिकाणी घ्यायचा असेल तर त्याचा तपशील चारदा लिहावा लागत नाही. एका ठिकाणी रेफ ही खूण उघडून तिच्या नेम या गुणधर्मासमोर, दुहेरी अवतरणचिन्हांत, आपल्याला हवे ते नाव लिहायचे आणि खुणेच्या पोटात पूर्ण तपशील भरायचा. उरलेल्या ठिकाणी त्याच नावाची तिथल्या तिथे मिटणारी छोटी खूण ठेवली की पुरते. वाचकाला यातले काहीच दिसत नाही, त्याला फक्त कंसातला आकडा दिसतो. नाव दिसते ते स्रोत संपादन, म्हणजे पानाचा खुणांसह मूळ मजकूर, उघडणाऱ्याला, म्हणजे आपल्यानंतर त्या पानावर येणाऱ्या आणि बहुधा आपल्याला कधीही न भेटणाऱ्या संपादकाला. माझे म्हणणे इतकेच आहे की त्या माणसाला, पानाच्या तळाशी न जाता, केवळ नाव वाचून स्रोत ओळखता आला पाहिजे.

हे गृहीत धरले की सध्या सर्रास दिसणाऱ्या अनेक नावांचा निकाल आपोआप लागतो. ‘संदर्भ१’, ‘संदर्भ२’ ही नावे लिहिताना सोपी वाटतात, पण लेखात वर एखादा परिच्छेद वाढला की वाचकाला दिसणारे आकडे बदलतात आणि ‘संदर्भ२’ हा छापील क्रमाने सातवा होऊन बसतो. नुसता इंग्रजी आकडा नाव म्हणून दिला तर प्रणाली तो स्वीकारतच नाही, लाल अक्षरांत त्रुटी दाखवते. त्यामुळे लोक आकड्यामागे एखादे अक्षर चिकटवतात आणि अडचण तशीच पुढे ढकलतात. ‘लोकसत्ता’, ‘सकाळ’, ‘देशदूत’ अशी नुसत्या वृत्तपत्राची नावे तर सिंहस्थाच्या पानावर अजिबात उपयोगाची नाहीत, कारण तिथे एकेका वृत्तपत्राच्या कितीतरी बातम्या येणार हे आधीच ठाऊक असते.

याहून फसवा प्रकार म्हणजे विधानावरून दिलेले नाव. ‘लोकसंख्या’, ‘स्थापना’, ‘पर्जन्यमान’ ही नावे लिहिणाऱ्याला अर्थपूर्ण वाटतात, पण ती स्रोत कोणता ते सांगत नाहीत, तर स्रोत कशासाठी वापरला ते सांगतात. समजा ‘पर्जन्यमान’ हे नाव गॅझेटियरला, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीच्या सरकारी ग्रंथाला, दिले आहे; उद्या त्याच गॅझेटियरमधून कोणी पाटबंधाऱ्यांची माहिती घेतली तर धरणाच्या वाक्यापुढे ‘पर्जन्यमान’ नावाची खूण उभी राहते आणि तिसरा कोणी ती चुकीची समजून काढून टाकतो.

यांत्रिक नावांबद्दल वेगळे सांगायला हवे. दृश्य संपादकातून, म्हणजे खुणा न दाखवता पान जसे दिसते तसेच संपादित करू देणाऱ्या सोयीतून, एखादा संदर्भ पुन्हा वापरला की प्रणाली त्याला अपूर्णविराम (:) आणि शून्य, अपूर्णविराम आणि एक, अशी नावे स्वतःच देते. ती पानापुरती चालतात. मात्र मजकूर एका पानावरून दुसऱ्या पानावर नेताना ती घातक ठरतात, कारण जवळजवळ प्रत्येक पानावर कोणीतरी ‘अपूर्णविराम-शून्य’ असतोच. नवा मजकूर पूर्ण तपशिलासह आला तर एकाच नावाच्या दोन वेगळ्या व्याख्या झाल्या म्हणून निदान त्रुटी दिसते. नुसती छोटी खूण आली तर काहीच दिसत नाही. ती निमूटपणे त्या पानावरच्या भलत्याच स्रोताला जाऊन चिकटते.

जनगणनेचे उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेत नाशिक महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १४,८६,०५३, नाशिक नागरी समूहाची १५,६१,८०९ आणि नाशिक जिल्ह्याची ६१,०७,१८७ आहे. तिन्ही आकडे बरोबर आहेत, तिन्ही एकाच जनगणनेचे आहेत, पण ते वेगवेगळ्या तक्त्यांत आहेत. शहराच्या पानावर ‘जनगणना२०११’ म्हणजे शहरांचा तक्ता असेल, जिल्ह्याच्या पानावर त्याच नावाने जिल्ह्याचा तक्ता असेल, आणि जिल्ह्याच्या पानावरचे एखादे वाक्य छोट्या खुणेसह उचलून शहराच्या पानावर डकवले की जिल्ह्याच्या आकड्याला शहराच्या तक्त्याचा आधार मिळतो. त्यातच जिल्ह्याचा आधी जाहीर झालेला तात्पुरता आकडा ६१,०९,०५२ होता आणि तो जुन्या संपादनांत अजून सापडतो. ‘जनगणना-२०११-जिल्हा-अंतिम’ हे नाव लांब आहे हे मान्य. पण ते चुकीच्या जागी डकवले गेले तर डोळ्यांना खटकेल, आणि त्या पानावर त्या नावाची व्याख्या नसेल तर प्रणालीही ओरडेल.

माझी सूचना अशी: ग्रंथासाठी लेखकाचे आडनाव आणि वर्ष, वृत्तपत्रासाठी वृत्तपत्राचे नाव आणि पूर्ण दिनांक, शासकीय दस्तऐवजासाठी दस्तऐवजाचे नाव, वर्ष आणि नेमका भाग. शब्दांच्या मध्ये जोडरेघ असावी. यावर आपली मते वाचायला आवडतील.

---

इगतपुरीचा पाऊस

धागा उपयुक्त आहे. मी अलीकडेच संपादन सुरू केले आहे आणि बहुतेक काम मोबाइलवरून करतो, म्हणून एक प्राथमिक शंका विचारतो. स्रोत लेखात एकदाच वापरला असेल तरीही त्याला नाव द्यायलाच हवे का? प्रत्येक वेळी एवढे लांब नाव मोबाइलवर टंकणे जिवावर येते.

---

गोदाघाट

नाही. एकदाच वापरलेल्या संदर्भाला नाव नसले तरी प्रणालीची काहीही तक्रार नसते, आणि तशी सक्ती कोणी करू नये. जो स्रोत पुन्हा लागणार हे दिसतच असते, उदाहरणार्थ जिल्हा गॅझेटियर, त्याला मात्र पहिल्याच वेळी नीट नाव दिलेले बरे.

---

लिपीसेवक

गोदाघाट यांच्या मांडणीशी सहमत आहे. तिच्यात देवनागरीची एक मोठी बाजू राहून गेली आहे, ती इथे नोंदवतो.

नाव जुळते की नाही हे प्रणाली उच्चारावरून किंवा दिसण्यावरून ठरवत नाही. आतील अक्षरसंकेत एकामागोमाग एक तंतोतंत जुळले तरच दोन नावे एक मानली जातात. मराठीत दिसायला सारखी, पण आतून वेगळी अशी अक्षरे नित्य वापरात आहेत. ‘ॲकॅडमी’ या शब्दातला ‘ॲ’ काही कळफलकांवरून एका स्वतंत्र अक्षराने उमटतो, तर काहींवरून ‘अ’ आणि वरचा चंद्र अशा दोन घटकांनी बनतो. वाचणाऱ्याला फरक कळत नाही, प्रणालीला कळतो. ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडे’, ‘सातपुऱ्यातील’ अशा शब्दांतला अर्धा ‘र’ दोन प्रकारे लिहिता येतो आणि त्यातल्या एका प्रकारात न दिसणारे जोडचिन्ह दडलेले असते. असे अदृश्य चिन्ह एखाद्या संकेतस्थळावरून मजकूर उचलताना शब्दाच्या शेवटी चिकटून आले, तर समोर दोन अगदी सारखी नावे असूनही ‘या नावाच्या संदर्भात मजकूर नाही’ अशी त्रुटी येते आणि संपादक डोके धरून बसतो.

आकड्यांचेही तसेच. ‘जनगणना-२०११’ देवनागरी आकड्यांनी लिहिले असेल आणि दुसऱ्या ठिकाणी कोणी इंग्रजी आकडे वापरले असतील तर ती दोन वेगळी नावे झाली. शुद्धलेखनाचा भाग तर निराळाच आहे. ‘गॅझेटियर’ आणि ‘गॅझेटिअर’, ‘इंद्रजी’ आणि ‘इन्द्रजी’, ‘भगूर’ आणि ‘भगुर’ या जोड्यांमध्ये माणूस भेद करणार नाही, पण प्रणाली करील. रोमन नाव दिले तरी सुटका नाही, कारण तिथे मोठे आणि लहान अक्षर वेगळे धरले जाते.

मोबाइलवर काम करणाऱ्यांनी अवतरणचिन्हांकडेही लक्ष द्यावे. काही कळफलक सरळ चिन्हाऐवजी आपोआप वळणदार चिन्ह घालतात. विकीची प्रणाली वळणदार चिन्हाला नावाची सीमा मानत नाही, ते नावाचाच भाग समजते. नावात मोकळी जागा असेल तर सरळ अवतरणचिन्हे अत्यावश्यकच आहेत. जोडरेघेची सूचना म्हणूनच मला पसंत आहे.

माझी पद्धत सोपी आहे: नाव दुसऱ्यांदा कधीही टंकायचे नाही. पहिल्या व्याख्येतून ते उचलून डकवायचे. नाव लांब असण्याची तक्रारही त्यामुळे उरत नाही, कारण ते टंकावे एकदाच लागते.

---

सातपूरकर

लिपीसेवक यांचा प्रतिसाद वाचून माझे जुने मत अधिकच पक्के झाले. ही सगळी कटकट देवनागरीतल्या नावांची आहे. रेफ आणि नेम हे शब्द तसेही रोमन लिपीतच लिहावे लागतात, मग नाव तेवढे देवनागरीत लिहिण्याचा अट्टहास कशासाठी? आपल्याकडचे कितीतरी लेख इंग्रजी लेखांवरून अनुवादित होतात आणि त्यांच्यासोबत रोमन नावे जशीच्या तशी येतात. एकाच लेखात निम्मी नावे रोमन आणि निम्मी देवनागरी असण्यापेक्षा सगळीच रोमन असलेली काय वाईट? कळफलक बदलण्याचा त्रास वाचेल आणि इतर भाषांतल्या विकींवर देखभालीचे काम करणाऱ्यांनाही ती वाचता येतील.

---

गोदाघाट

सातपूरकर, अनुवादासोबत आलेली चांगली रोमन नावे बदलू नयेत, इथपर्यंत मी आपल्याबरोबर आहे. पण मराठी ग्रंथांना रोमन नाव द्यायचे म्हटले की लेखकाच्या आडनावाचे रोमन रूप कोणते, हा नवा प्रश्न उभा राहतो. ‘टिळक’ आणि ‘शिरवाडकर’ यांची रोमन रूपे प्रत्येक जण आपापल्या परीने करतो. तिथे जी फाटाफूट होते ती ऱ्हस्व-दीर्घाच्या फाटाफुटीहून कमी नाही. स्रोत ज्या लिपीत छापला आहे त्या लिपीत नाव, हा नियम मला अधिक सोयीचा वाटतो, कारण मग निदान मुखपृष्ठावर काय छापले आहे याचा आधार घेता येतो.

---

सातपूरकर

मुखपृष्ठाचा मुद्दा पटला. तरीही अदृश्य चिन्हांची भीती माझ्या मनातून गेलेली नाही. ज्या लेखकाच्या आडनावात तो अर्धा ‘र’ आहे, तिथे मी रोमनच लिहीन.

---

त्रिरश्मी

पांडवलेण्यांच्या पानाच्या निमित्ताने थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘आडनाव आणि वर्ष’ हे सूत्र तिथे पुरत नाही आणि का पुरत नाही ते समजून घेण्यासारखे आहे.

या डोंगरात २४ लेणी आहेत आणि त्यांतल्या कोरीव लेखांवर एकोणिसाव्या शतकापासून अनेकांनी लिहिले आहे. १८८३ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकविषयक सोळावा खंड निघाला. त्याचे संपादक जेम्स कॅम्बेल असले तरी त्यातले लेण्यांचे विवेचन पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे आहे. पुढे फ्रेंच विद्वान एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात, १९०५–०६ मध्ये, पृष्ठे ५९ ते ९६ वर हे लेख पुन्हा संपादित केले. त्याआधी रा. गो. भांडारकर यांनीही या लेखांचे वाचन केले होते. तिघांच्या वाचनांत आणि अर्थांत फरक आहेत. त्यामुळे लेण्यांबद्दलच्या एखाद्या वाक्यापुढे ‘गॅझेटियर’ एवढेच नाव असेल तर मला दोन प्रश्न पडतात: हे १८८३ चे गॅझेटियर, की महाराष्ट्र राज्याने १९७५ मध्ये काढलेली सुधारित आवृत्ती? आणि १८८३ चे असेल तर मत कॅम्बेल यांचे, की भगवानलाल यांचे? अशा वेळी खंडाच्या संपादकाला बाजूला ठेवून प्रकरण लिहिणाऱ्याचे नाव घ्यावे: ‘भगवानलाल-१८८३’. त्याच खंडातली शेती किंवा व्यापाराची माहिती घेतली असेल तर ‘गॅझेटियर-१८८३’ ठीक आहे, कारण त्या प्रकरणांवर स्वतंत्र नाव नाही.

‘भांडारकर’ या नावाबाबतही सावध राहावे. रा. गो. भांडारकर आणि दे. रा. भांडारकर हे पितापुत्र, आणि दोघेही प्राचीन इतिहासाचे अभ्यासक. सातवाहनांवरच्या पानावर दोघांचाही आधार येऊ शकतो, तेव्हा आद्याक्षरे हवीतच.

कोरीव लेखांच्या क्रमांकांनी होणारा गोंधळ तर या पानाचा जुना रोग आहे. सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला, लेणे क्रमांक ३ मध्ये आहे. सेनार यांच्या क्रमाने तो दुसरा लेख आहे. ल्यूडर्स यांच्या ब्राह्मी लेखांच्या यादीत त्याचा क्रमांक ११२३ आहे. आता एखाद्याने संदर्भाला ‘नाशिक-लेख-३’ असे नाव दिले तर ३ हा लेण्याचा क्रमांक की लेखाचा? सेनार यांच्या क्रमाने तिसरा लेख निराळाच आहे, आणि तोही लेणे क्रमांक ३ मध्येच आहे. म्हणून नावात नुसता क्रमांक कधीच येऊ नये. कोणाचा क्रमांक ते सांगणारे नाव त्याच्याआधी असावे. ‘सेनार-१९०५-लेख२’ असे लिहिले की शंकेला जागा उरत नाही.

वर्षाबद्दलही एक खुलासा. नावातले वर्ष हे प्रकाशनाचे असावे, कोरीव लेखाचे किंवा घटनेचे नव्हे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, म्हणून त्यासंबंधीच्या प्रत्येक संदर्भाच्या नावात १९३० घालण्याची पद्धत मी पाहिली आहे. तसे केले की त्या पानावरच्या निम्म्या संदर्भांची नावे सारखीच होतात.

---

मेनरोडचा वाचक

त्रिरश्मी यांच्या प्रतिसादाला पुष्टी म्हणून आणखी एक उदाहरण देतो. धनंजय कीर यांचे आंबेडकर-चरित्र १९५४ चे आहे आणि त्यांचेच सावरकर-चरित्र १९५० चे. नाशिक जिल्ह्याच्या इतिहासाच्या पानावर आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ते येवला आणि सावरकरांचे जन्मगाव भगूर ही दोन्ही गावे येतात, त्यामुळे दोन्ही चरित्रे येतात. नुसते ‘कीर’ असे नाव दिले तर अर्थाचा अनर्थ ठरलेला. आता आंबेडकर-चरित्राची १९७१ ची आवृत्ती अनेकांच्या हाती असते आणि तिची पृष्ठे पहिल्या आवृत्तीशी जुळतीलच असे नाही. माझ्या मते नावात हातातल्या आवृत्तीचे वर्ष लिहावे, पहिल्या प्रकाशनाचे वर्ष तपशिलात द्यावे. कारण पडताळणी करणारा माणूस पृष्ठ शोधणार आहे आणि त्याला आवृत्तीच कामाची आहे.

शासनाने प्रकाशित केलेल्या आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या खंडांचेही असेच आहे. सतरावा खंड तीन भागांत आहे. ‘खंड१७’ असे नाव दिले की वाचनालयातला माणूस तीन जाड पुस्तके पुढ्यात आणून ठेवतो आणि आपण त्यातले कोणते उघडायचे याचा विचार करत बसतो. भागाचा क्रमांक नावातच असावा.

आता माझा मूळ प्रश्न. एकाच ग्रंथाची दहा वेगवेगळी पृष्ठे दहा ठिकाणी उद्धृत करायची असतील तर काय करावे? प्रत्येक पृष्ठासाठी वेगळे नाव दिले तर ग्रंथाचा पूर्ण तपशील दहा वेळा तळाशी येतो. एकच नाव ठेवले तर पृष्ठ कळत नाही, आणि पाचशे पानांच्या ग्रंथात पृष्ठ न सांगता दिलेला संदर्भ माझ्या दृष्टीने अर्धाच संदर्भ आहे.

---

लिपीसेवक

यावर दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिल्यात ग्रंथाला एकच नाव ठेवून प्रत्येक छोट्या खुणेला लागून पृष्ठाचा साचा (ठरावीक मजकूर आपोआप तयार करणारी विकीची सोय) लावतात, त्यामुळे वाचकाला कंसातल्या आकड्याशेजारी पृष्ठक्रमांक दिसतो. हा मार्ग सोपा आहे, पण परिच्छेदात अशा पाच-सहा खुणा आल्या की मजकूर आकड्यांनी भरून जातो. दुसऱ्या मार्गात ग्रंथांची यादी तळाशी स्वतंत्र ठेवतात आणि मजकुरात आडनाव, वर्ष व पृष्ठ एवढीच लघुटीप देणारा साचा वापरतात. या साच्यात आपण नाव द्यायचेच नसते. आडनाव, वर्ष आणि पृष्ठ यांवरून साचा स्वतः नाव तयार करतो, आणि तिन्ही गोष्टी सारख्या असलेल्या लघुटिपा आपोआप एकत्र होतात.

मात्र यादीतल्या नोंदीतले आडनाव व वर्ष आणि लघुटिपेतले आडनाव व वर्ष अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे, नाहीतर टिपेवर टिचकी मारून वाचक कुठेच पोहोचत नाही. म्हणजे अक्षरसंकेतांची वर सांगितलेली सर्व पथ्ये इथेही आहेतच. एकाच लेखकाची एकाच वर्षाची दोन पुस्तके असतील तर वर्षापुढे ‘अ’, ‘आ’ लावावे. हे साचे सर्वच विकींवर सारखे वागत नाहीत, म्हणून धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठीच्या पानावर, एकदा करून पाहावे.

पांडवलेणी आणि सत्याग्रह या ग्रंथनिष्ठ पानांना दुसरा मार्ग शोभतो. बातम्यांवर उभ्या असलेल्या सिंहस्थाच्या पानाला त्याची गरज नाही.

---

पंचवटीची लेक

आतापर्यंतची चर्चा स्रोत सांगणाऱ्या संदर्भांबद्दल झाली. खुलासा करणाऱ्या तळटिपांबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते.

सिंहस्थाच्या पानाचेच पाहा. २०१५ च्या सिंहस्थात पहिली दोन शाही स्नाने नाशिक आणि त्र्यंबकेश्वर इथे एकाच दिवशी, २९ ऑगस्ट आणि १३ सप्टेंबरला झाली. तिसरे मात्र नाशिकला १८ सप्टेंबरला आणि त्र्यंबकेश्वरला २५ सप्टेंबरला झाले. हा फरक तक्त्यात, प्रस्तावनेत आणि त्र्यंबकेश्वरच्या विभागात अशा तिन्ही ठिकाणी सांगावा लागतो, नाहीतर कोणीतरी सद्हेतूने ‘चूक’ दुरुस्त करून जातो. ही टीप कोणत्याही एका ग्रंथाचा दाखला नाही; तो आपण वाचकासाठी केलेला खुलासा आहे. अशा टिपेला स्रोतावरून नाव देता येत नाही, आणि देऊही नये, कारण उद्या तिच्यातला आधार बदलला तरी खुलासा तोच राहणार. इथे विषयावरून दिलेले नावच योग्य: ‘टीप-तिसरे-शाहीस्नान’. गोदाघाट यांनी वर विधानावरून नाव देऊ नये असे म्हटले आहे, ते संदर्भांपुरते मर्यादित ठेवावे अशी माझी विनंती आहे.

शिवाय अशा टिपा ग्रुप या गुणधर्माने वेगळ्या गटात टाकाव्यात, म्हणजे त्या संदर्भांच्या यादीत मिसळत नाहीत आणि तळाशी त्यांची वेगळी यादी करता येते. गटाचे नावही नेमके तेच हवे. एका ठिकाणी ‘टीप’ आणि दुसरीकडे ‘टिपा’ लिहिले की दुसऱ्या गटातल्या टिपांना यादीच मिळत नाही.

---

गोदाघाट

पंचवटीची लेक, आपली दुरुस्ती मला पूर्णपणे मान्य आहे. नावाच्या आरंभी ‘टीप’ असल्यामुळे ती संदर्भांपासून वेगळीही ओळखू येते, हा आणखी एक फायदा.

---

चांदवडी

चर्चा उत्तम चालली आहे, पण हिचा परिणाम काय होणार याची मला थोडी धास्ती वाटते. हे वाचून कोणी उत्साही सदस्य शेकडो पानांवरची जुनी नावे एका दमात बदलत सुटला तर? पानांवर नजर ठेवणाऱ्यांच्या यादीत निव्वळ नामांतराची संपादने दिसू लागतील आणि त्या गर्दीत एखादी खरी खोडी सहज निसटून जाईल. पानाच्या इतिहासात एखादे वाक्य कोणी घातले हे शोधणेही अवघड होते, कारण प्रत्येक ओळीला शेवटचा हात नामांतर करणाऱ्याचा लागलेला असतो. शिवाय बाहेरून एखाद्या विशिष्ट तळटिपेला दिलेले दुवे तुटतील ते वेगळेच, कारण टिपेच्या पत्त्यात तिचे नाव असते.

---

लिपीसेवक

पहिले दोन आक्षेप योग्य आहेत. तिसऱ्याची फारशी चिंता नको. टिपेच्या पत्त्यात नावाबरोबर तिचा क्रमही असतो, आणि मजकूर वरखाली झाला की तो क्रम बदलतो. म्हणजे तळटिपेला थेट दिलेला दुवा नाव न बदलताही टिकण्याची खात्री नसते.

---

त्रिरश्मी

चांदवडी यांच्याशी सहमत. नामांतर स्वतंत्र मोहीम म्हणून करू नये. एखाद्या विभागाचे खरे काम हाती घेतले असेल, त्यातले संदर्भ मुळातून तपासले असतील, तर त्याच वेळी त्या विभागातली नावे नीट करावीत. तपासणी न करता ‘अपूर्णविराम-शून्य’चे ‘सेनार-१९०५’ करणे हे मला अधिक धोक्याचे वाटते, कारण चुकीच्या संदर्भालाही चांगले नाव मिळाले की पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवतो. नामांतर आणि मजकूरबदल शक्यतो दोन वेगळ्या संपादनांत जतन करावेत आणि संपादन सारांशात ‘संदर्भांची नावे बदलली, मजकूर तोच’ असे स्पष्ट लिहावे.

---

मेनरोडचा वाचक

यात एक भर घालतो. ज्या परिच्छेदात पूर्ण व्याख्या आहे तोच परिच्छेद कोणी वगळला तर बाकीच्या सर्व छोट्या खुणा पोरक्या होतात. माहितीचौकटीत, म्हणजे लेखाच्या सुरुवातीच्या ठळक माहितीच्या तक्त्यात, व्याख्या ठेवली असेल तर हे हमखास होते, कारण चौकट बदलणारा खालचा मजकूर पाहत नाही. मोठ्या पानांवर सर्व व्याख्या तळाच्या संदर्भयादीतच एकत्र ठेवून मजकुरात फक्त छोट्या खुणा ठेवाव्यात, असे मी सुचवतो. मग व्याख्या हरवत नाही, नावे एकाखाली एक दिसतात आणि एकच ग्रंथ दोन नावांनी आला असेल तर तेही लगेच ध्यानात येते.

---

इगतपुरीचा पाऊस

सर्वांचे आभार. शेवटची एक शंका: बातमीच्या संदर्भात छापील अंकाचा दिनांक एक आणि संकेतस्थळावरचा दिनांक आदल्या दिवसाचा असेल, तर नावात कोणता लिहावा? आणि एकाच दिवशी एकाच वृत्तपत्राच्या दोन बातम्या असतील तर?

---

गोदाघाट

जो स्रोत प्रत्यक्ष पाहिला त्याचा दिनांक लिहावा. संकेतस्थळ पाहिले असेल तर तिथला, अंक पाहिला असेल तर अंकावरचा. दोन्ही पाहिले असतील तर नावात अंकाचा आणि तपशिलात दोन्ही. एकाच दिवसाच्या दोन बातम्या असतील तर दिनांकापुढे शीर्षकातला एखादा ठळक शब्द जोडावा, ‘देशदूत-२०१५-०८-२९-वाहतूक’ या धर्तीवर. तिथे ‘अ’ आणि ‘आ’ लावू नये, कारण कोणती बातमी ‘अ’ होती हे तळाशी जाऊन पाहिल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.